सागाला पालवी फुटली आणि लिंक बसली

वाडीचं नेट, नोंद चौथी.

मागच्या नोंदीत वाडीत नेट आणणाऱ्या, एप्रिलमध्ये लागलेल्या बिनतारी लिंकचं भरपूर कौतुक करून मी मोकळा झालो होतो. ते जरा लवकरच झालं.

नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमची वाडी कुडाळ तालुक्यात, सड्याखालच्या (जांभ्याच्या पठाराखालच्या) उतारावर. मोबाइलला रेंज हवी तर सड्यावर चढायचं. फायबर बाजारापर्यंत येऊन थांबली आहे. तिथल्या एका घराच्या पाण्याच्या टाकीवरून सड्याच्या कडेच्या काकांच्या मांगरापर्यंत (शेतघरापर्यंत) ५.८ गिगाहर्ट्झवर ३.२ किलोमीटरची एक उडी, आणि मांगरावरून खाली अकरा घरांत ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मुक्त प्रणाली) घातलेले राउटर. कनेक्शन पीएम-वाणी या सरकारी सार्वजनिक वाय-फाय योजनेतलं, पीडीओ (पुढे नेट वाटणारं केंद्र) आम्हीच. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत पीडीओला परवाना लागत नाही. मला ती आवडायला तेवढं पुरे.

दोन्हीकडे २३ डीबीआयच्या (सिग्नल एका दिशेला एकवटायची क्षमता) डिश, रेडिओची ताकद १३ डीबीएम. पलीकडे पोचणारा सिग्नल कागदावर -५९ डीबीएम येत होता, प्रत्यक्षात -६१ लागला; शून्याच्या जितका जवळ तितका बरा. मी खूश.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तोच आकडा -७९ वर गेला आणि अकरा घरांत मिळून सहा एमबीपीएस उरले. वाडीचा निकाल तयार होता: "पाऊस लागलो, आता खयचा नेट!" दोन दिवस मीही तेच धरून बसलो. पण ५.८ ला पाऊस इतकं खात नाही. तासाला १०० मिलिमीटर कोसळला तरी आपल्या अंतरात दोन-तीन डेसिबल जातील. इथे अठरा गेले होते, आणि चांगली उघडीप पडली तरी परत येईनात. सांध्यांत पाणी शिरलं असेल म्हणून टाकीवर चढून सगळी टेप सोडली. आत कोरडं ठणठणीत. पीओईच्या (नेटच्याच केबलमधून वीज देणाऱ्या) डब्यात मात्र एक पाल मरून चिकटलेली सापडली. तिचा या प्रकरणाशी काही संबंध नाही, पण डब्याचं भोक आता सिलिकॉनने बंद केलंय.

उत्तर मिळालं ते मांगराच्या कौलांवर दुर्बीण घेऊन बसल्यावर. मांगरापासून सहाशे मीटरवर अण्णांची सागाची लागवड आहे. एप्रिलमध्ये साग उघडाबोडका होता. त्याच्या काटक्यांतून मला पलीकडची टाकी दिसली, आणि दिसतंय म्हणजे झालं असं समजून मी पाना आवळला. जूनमध्ये त्याच काटक्यांना सुपाएवढी पानं आली, प्रत्येक पानावर पाणी. भिंतच उभी राहिली की!

शेंडे छाटायची परवानगी मागायला गेलो. अण्णांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सागाक हात लावचो नाय हां. तो चेडवाच्या लग्नाक ठेवलेलो आसा." विषय संपला. खरं तर त्यांचं बरोबरच आहे. झाड त्यांचं, चूक माझी.

मग फ्रेनेलचा हिशेब, म्हणजे दोन डिशमधल्या सरळ रेषेभोवती लहरींना किती जागा मोकळी लागते त्याचा, जो एप्रिलमध्येच करायला हवा होता. सागाच्या जागी पहिल्या वलयाची त्रिज्या पाच मीटर येते. त्यातले साठ टक्के मोकळे हवेत, म्हणजे रेषा शेंड्यांच्या वर निदान तीन मीटर. आमची रेषा शेंड्यांना घासून जात होती. मांगराकडचा खांब साडेचार मीटर उंच केला तर सागावर रेषा साडेतीन मीटरच्या थोडी वर उचलली जाते. अर्धा मीटर सागाच्या वाढीला.

पालघरमध्ये आयआयटी मुंबईच्या लोकांनी ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा, टीव्हीचा रिकामा पट्टा वापरून पाहिला होता. झाडाझुडपांतून जायला तो केव्हाही सरस. पण तो आपल्याला मोकळा नाही. ५.८ मात्र ऑक्टोबर २०१८ पासून बिनपरवाना आहे, तेव्हा खांब वाढवणं आलं.

काकांनी माणग्याची (बांबूची) काठी सुचवली, फुकटातली. वाऱ्यात ती इतकी डुलते की डिशला झोका मिळाला असता. शेवटी जुन्या सहा मीटरच्या जीआय पाइपला साडेचार मीटरचा जोड, आणि चार बाजूंना तारेचे ताण. रविवारी दुपारी अडीच तासांची उघडीप मिळाली. मी मांगरावर, भाचा टाकीवर फोन कानाला लावून आकडे ओरडतोय: चौऱ्याहत्तर, सत्तर, परत त्र्याहत्तर, "मामा, उलट्या बाजूला!", सहासष्ट, बासष्ट. बासष्टवर पाना आवळला. संध्याकाळी मोजलं तर ८० एमबीपीएस. त्यानंतर तीन आठवडे धुवांधार पाऊस झाला, आकडा -६५ च्या खाली गेलेला नाही.

वीज गेली तर सात एएचच्या (अँपिअर-अवर) दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट मिळतात, त्यावर मांगराकडचा रेडिओ रात्र काढतो. तिथे तक्रार नाही.

धाकधूक आहे ती साडेदहा मीटरच्या लोखंडी खांबाची. परतीच्या पावसात विजा येणार, आणि जांभ्यात अर्थिंगचा रॉड तीन फुटांवर अडलाय. कोळसा-मीठ घालून आडवा चर खणायचा विचार आहे. सड्यावर कोणी अर्थिंग केलं असेल तर किती ओहम आला ते सांगा.