सिक्वेन्सिंग असताना क्रॉस कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: परजीवीचा सगळा डीएनए थेट वाचता येतो (सिक्वेन्सिंग), तर दोन स्ट्रेनचा संकर (क्रॉस) कशाला करायचा. तशी ही विचारणा नवी नाही. सेमिनार संपला की चहाच्या रांगेत कुणीतरी म्हणतंच, "रुग्णांच्या रक्तातून मलेरियाचे हजारो जीनोम वाचून झाले, आणि तुम्ही अजून दोन स्ट्रेनची डासात लग्नं लावताय?"

चिडलेलं उत्तर तोंडपाठ आहे. क्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाला दाद न देण्याचा (रेझिस्टन्सचा) आळ पीएफएमडीआर१ या जनुकावर होता. १९९० मध्ये एचबी३ (औषधाला बळी पडणारा) आणि डीडी२ (दाद न देणारा) या स्ट्रेनच्या क्रॉसमधली १६ पोरं तपासली, तर रेझिस्टन्स एकाकडे आणि ते जनुक भलत्याकडे. आळ फिटला. नुसते रुग्णांचे नमुने वाचून हे इतकं स्वच्छ कळलं असतं का?

आता खरं सांगते. माझा पहिला क्रॉस मीच घालवला. डासांना रक्त पाजायच्या दिवशी सकाळी गिम्सा रंग दिलेली रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. एका स्ट्रेनचे गॅमेटोसाइट, म्हणजे डासात मीलन करणाऱ्या नर-मादी पेशी, चंद्रकोरीसारखे भरलेले. दुसऱ्याचे आखडलेले, काही गोल झालेले. डास उपाशी ठेवले होते, उंदीर येऊन पडले होते, गाइड विमानात होते. म्हटलं, चालेल. पंधरवड्याने डासांच्या लाळग्रंथी काढल्या, स्पोरोझॉइट (डास चावताना अंगात शिरणारे परजीवी) भरपूर. नाचलेच मी. ते मानवी यकृतपेशी असलेल्या उंदरात, तिथून कल्चरमध्ये, मग ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये एकेक परजीवी वेगळा. मायक्रोसॅटेलाइट (पालक ओळखायच्या डीएनएच्या खुणा) लावले, तर ५७ च्या ५७ क्लोन त्या गुबगुबीत स्ट्रेनची नक्कल. तिने स्वतःशीच संसार केला होता. दोन पालकांच्या डीएनएच्या तुकड्यांची अदलाबदलच नाही, तर कोणतं जनुक कुठे याचा नकाशा कसला काढणार? तीन महिने पाण्यात. गाइडना "स्ट्रेन नखरेल आहे" म्हणाले. काचेचं बोलले नाही.

आणि क्रॉस तरी कुठे घर दाखवतो? तो गल्लीपर्यंत नेतो. १९९७ मध्ये क्लोरोक्विन रेझिस्टन्सच्या शोधात सातव्या गुणसूत्रावर ३६ किलोबेसच्या (३६ हजार अक्षरांच्या) पट्ट्यापर्यंत पोचूनही बोट ठेवलं गेलं ते सीजी२ या चुकीच्या जनुकावर. खरं जनुक, शेजारचं पीएफसीआरटी, १३ तुकड्यांत विखुरलेलं, २००० मध्ये सापडलं. शिवाय ते जुने क्रॉस चिंपांझींमध्ये केलेले. माझ्या थीसिसच्या प्रस्तावनेत त्यावर अर्धं वाक्य आहे. तेव्हा पुरेसं वाटलं होतं.

हल्ली आम्ही क्लोन वेगळे न करता सगळी प्रजा एकत्र वाढवून औषध देतो आणि कोणत्या पालकाचे तुकडे टिकले ते बघतो. कशाने बघतो? सिक्वेन्सिंगने. हे चहाच्या रांगेत मी आपणहून सांगत नाही.