पाण्याची गोळी

आईच्या सकाळच्या सहा गोळ्यांपैकी पाचांची नावं तिला ठाऊक नाहीत. सहावीला ती 'पाण्याची गोळी' म्हणते, आणि तिच्याशी तिचं उघड वैर आहे.

गेल्या वर्षी तिचं हृदय जरा दमलं, पावलं सुजली. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. डॉक्टरांनी फ्युरोसेमाइड, म्हणजे हीच पाण्याची गोळी, लिहून दिली, मीठ कमी करायला सांगितलं. "लोणच्यात मीठ कुठे असतं, खार असतो," ही आई. शिवाय तिची शंका : मी पाणी पिते केवढंसं, हे काढतायत काय?

उत्तर आमच्या दादरच्या ओट्यावर होतं. जुलैत मिठाची बरणी उघडावी तर मिठाला पाणी सुटलेलं. हवेतली ओल ओढून घेतं ते. शरीरातही जिकडे मीठ तिकडे पाणी. मूत्रपिंडं दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत घेतात. गाळलेलं मीठ रक्तात परत जातं, त्यामागे पाणी. ही गोळी हेन्लेच्या पाशात, म्हणजे मूत्रपिंडातल्या नळीच्या एका वळणावर, मिठाची ती वाट अडवते. मग मीठ बाहेर, पाणी मागोमाग. दादरला उतरायचं नसलेला माणूसही गर्दीच्या रेट्याने उतरतो, तसं पोटॅशियमही बाहेर पडतं. म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं.

गोळी घेतली की तासाभरात सुरू, पुढे सहाएक तास. तिचं बाजारातलं लॅसिक्स हे नाव म्हणे 'लास्ट्स सिक्स', म्हणजे 'सहा तास टिकते', यावरूनच आलं. आणि मुंबईच्या लोकलमध्ये टॉयलेट नाही! स्टेशनावर असलं तर पूल चढून पलीकडे.

म्हणून बाहेर जायच्या दिवशी आई गोळी गुपचूप डब्यातच ठेवायची. डोंबिवलीची मुंज, मग एक बारसं, मग कुणाचं तरी हळदीकुंकू. तिसऱ्या रात्री तीन उशा लावून बसली होती; आडवं झालं की दम लागत होता.

डॉक्टर तिला काही बोलले नाहीत, मला बोलले. मग तिला म्हणाले, "आजी, गोळी टाळायची नाही. बाहेर जायचं असेल तर घरी आल्यावर घ्या. पण चारच्या आत, नाहीतर रात्रभर येरझारा."

परवा भाचीच्या डोहाळजेवणाचं आमंत्रण आलं. फोन आईनेच घेतला. "हॉलचा पत्ता याला सांग," ती म्हणाली, "मला टॉयलेट कुठल्या मजल्यावर आहे तेवढं सांग."