तीर्थन खोऱ्यात मासेमारीला जाताना बांधलेले सामान: माझा अनुभव

गेल्या एप्रिलमध्ये हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदीकाठच्या एका लॉजवर ट्राउटच्या मासेमारीसाठी पाच दिवस जायचे ठरले, तेव्हा सामानाची मला फारशी काळजी वाटली नाही. खानापूर तालुक्यातील आमच्या गावी मलप्रभेच्या काठावर गळ टाकून भर पावसात बसण्याची मला लहानपणापासून सवय आहे. तीर्थनचे पाणी मात्र वितळलेल्या बर्फाचे असते, आणि पिसे व दोरा गुंडाळून केलेली नकली माशी प्रवाहावर अलगद टाकण्याच्या या पद्धतीत, म्हणजे फ्लाय फिशिंगमध्ये, त्या पाण्यात मांडीपर्यंत उभे राहावे लागते. शिवाय सकाळी कडक ऊन असले, तरी सायंकाळी गारा पडू शकतात.

पहिल्यांदा मी तीन जीन्स, दोन जाड सुती स्वेटशर्ट आणि अर्धा डझन बनियन भरले. आज्जीने ते पाहिले आणि म्हणाली, "बाळा, ही सुती कापडं भिजली की अंगावर गार पडतात. तुझे आजोबा रोप लावणीला घोंगड्याची खोळ घेऊन जायचे. ती भिजायची, पण ऊब सोडायची नाही." मला ते पडताळून पाहावेसे वाटले. एक सुती आणि एक लोकरी मोजा भिजवून, पिळून मी दोन पायांत घातला व गच्चीवरच्या वाऱ्यात बसलो. पाव तासात सुती मोज्यातील बोटे गारठली. दुसरा पाय ओला होता, पण त्यात ऊब होती.

मग सगळी पिशवी रिकामी करून नव्याने भरली: अंगालगत पातळ लोकरी बनियन, त्यावर फ्लीस, सर्वांत वर पावसाचे जाकीट. पाण्यात उतरण्यासाठी छातीपर्यंतचा वेडर, म्हणजे आत पाणी न शिरू देणारी लांब विजार, आणि त्याचा कंबरपट्टा घेतला. पाण्यावरची चकाकी कमी करणारा पोलराइज्ड चष्मा घ्यायलाच हवा, कारण त्याशिवाय तळाचे दगड नीट दिसत नाहीत. रॉड लॉजवर मिळणार होता आणि मत्स्य विभागाचा परवाना तेथेच काढायचा होता. कोरड्या कपड्यांचा एक संपूर्ण जोड मात्र मी खताच्या पोत्यातील धुतलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, तिचे तोंड पिळून दुमडले, त्यावर सायकलच्या ट्यूबची चकती चढवली आणि लॉजवर पोहोचेपर्यंत ती उघडायची नाही, असे ठरवले. गोवा एक्सप्रेसने दोन रात्री, पुढे दिल्लीहून बस आणि औटपासून जीप, एवढ्या प्रवासात सामान कोठेही भिजू शकते.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी गढूळ होऊ लागले आणि सोबतच्या वाटाड्याने काठाकडे येण्याची खूण केली. वळताना शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरून मी छातीपर्यंत बुडालो. कंबरपट्टा घट्ट असल्यामुळे पाणी पायांपर्यंत उतरले नाही. छाती आणि बाह्या तेवढ्या भिजल्या. लॉजपर्यंतच्या अर्ध्या तासाच्या वाटेत गारा पडल्या, तरी भिजलेल्या लोकरीखाली अंग गरम राहिले. खोलीत येऊन चकती काढली, तेव्हा आतले कपडे घरी घडी घातल्यासारखेच कोरडे होते.

वेडर ओला गुंडाळला तर त्याला बुरशी धरते. म्हणून घरी आल्यावर तो उलटा करून दोन दिवस पडवीत टांगला आणि मगच माळ्यावर ठेवला.