त्याच शब्दाला धरून

मंगळवार, रात्र

ऑनलाइन नात्यात दिवसाला किती मेसेज झाले हे मोजून काही हाती लागत नाही. पन्नास झाले तरी झोपताना एकटं वाटू शकतं. समाधान असतं ते उत्तरात. समजा तिनं लिहिलं, "आज मीटिंगमध्ये माझं बोलणं मध्येच तोडलं." त्यावर "अरेरे" आणि एक रडका इमोजी आला की विषय मिटला. "मध्येच तोडलं? काय सांगत होतीस तेव्हा?" असं आलं तर ती आणखी चार ओळी लिहिते. तिचाच एक शब्द उचलायचा, त्यावर एकच प्रश्न विचारायचा, उपाय सुचवायची घाई करायची नाही. दमलेल्या रात्री नेमकं हेच सुटतं.

लिहिण्यातून सूर पोचत नाही, आणि लिहिणाऱ्याला मात्र तो पोचला असंच वाटतं. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे ईमेलवर तपासलं. वाक्य उपरोधाचं की गंभीर, हे ७८ टक्के वेळा ओळखलं जाईल, असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ५६ टक्के वेळाच ओळखलं गेलं. म्हणजे छापा-काटा केल्यासारखंच! म्हणून थट्टा आणि रुसवा आवाजात ठेवावा. एखादं वाक्य लागलं तर ते पुन्हापुन्हा वाचत बसण्यापेक्षा "हे वाचून मला लागलं, फोन करू का?" एवढं लिहावं.

व्हिडिओ कॉलचं दुखणं वेगळं. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. नेट अर्धा सेकंद मागे पडलं की दोघं एकदम बोलतात, मग दोघंही गप्प, आणि "हिचं लक्षच नाही" अशी शंका येते. अशा वेळी चित्र बंद करून नुसता आवाज ठेवावा.

आणखी एक. लिहिताना माणूस खोडतो, निवडतो, आपलं बरं तेवढंच पाठवतो. उरलेलं आपण मनासारखं भरून घेतो. त्यावर उतारा म्हणजे न ठरवता केलेला कॉल, विस्कटलेल्या केसांसकट. किंवा कॉल चालू ठेवून अर्धा तास दोघांनी आपापलं काम करणं. महिनोन्महिने चेहरा दाखवायचं टाळणारा माणूस पैसे मागू लागला, तर तिथेच थांबावं.

उशिराचं म्हणाल तर उशीर चालतो, अधांतरी ठेवणं जिव्हारी लागतं. "कामात आहे, नऊला नीट लिहिते," एवढं पुरतं. फक्त नऊला लिहायचं.