यंदाचं वाचन आणि कारंज्याचे बैल

दरवर्षी डिसेंबरात ठरवतो की वर्षभरात काय काय वाचलं ते लिहून काढू, आणि दरवर्षी तूर सोंगायला येते न् राहून जाते. यंदा लिहितोच, कारण यंदा इकडचं तिकडचं न वाचता एकच विषय धरून बसलो होतो, शिवाजी महाराज आणि त्यांचा काळ. तेही बहुतेक वावरात. आमच्याकडे ओलिताला लाईन रात्रीची, हरभऱ्यात स्प्रिंकलर लावले की पुढचे पाइप बदलेपर्यंत झोपता येत नाही, मग काय, कानाला मफलर, अंगावर घोंगडं, मोबाईलवर पीडीएफ आणि एक अंगठा तेवढा बाहेर.

सुरुवात एका जाडजूड कादंबरीनं केली आणि दोनशे पानांवर सोडली. नाव सांगत नाही, लोक चिडतात. त्यात महाराज पाणी मागतात तरी मागे तुतारी वाजल्यासारखं वाटतं.

मग सभासदाची बखर आणली वाचनालयातून, शेवटची पानं नसलेली (कोणीतरी फाडून नेली, कशाला ते त्यालाच माहीत). कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या दरबारातला माणूस, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून त्यानं ती जिंजीला लिहिली. पुस्तक एवढंसं, आणि भाषा अशी की मुनीम खतावणी वाचून दाखवतोय. आठ महिने लष्कर बाहेर, पावसाळ्यात छावणी. लष्करात बायको, बटीक, कलावंतीण न्यायची नाही. परमुलखात बायका-पोरं धरायची नाहीत, गाय धरायची नाही, बैल धरला तर फक्त ओझ्यासाठी. हे बैलाचं मी वाचलं आणि पुढे गेलो. तेव्हा काही वाटलं नाही.

अडकलो ते जदुनाथ सरकारांच्या पुस्तकात. १९१९ चं इंग्रजी पुस्तक आहे, माझं इंग्रजी बीएपुरतं, त्यामुळे एका रात्रीत चार पानं. सरकारांशी आपल्याकडच्या इतिहासवाल्यांचं फारसं पटलं नाही, मलाही काही ठिकाणी ते महाराजांना मार्क देणाऱ्या मास्तरसारखे वाटले, पण फारसी कागद त्यांनी खरंच उपसलेत. आणि मुख्य म्हणजे त्यात आमचं वऱ्हाड सापडलं. शाळेच्या इतिहासात वऱ्हाड म्हणजे काय तर जिजाऊंचं माहेर सिंदखेडराजा, एक ओळ, खलास. पुढचं सगळं सह्याद्रीत.

तर गोष्ट अशी. आग्र्याहून सुटका १६६६ ची, ती सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतर दोन-तीन वर्षं मोगलांशी तह होता आणि त्यात संभाजीराजांना पाच हजारी मनसब न् वऱ्हाडात जहागीर मिळाली. मग औरंगजेबानं काय केलं, तर आग्र्याला येण्याच्या खर्चासाठी महाराजांना एक लाख रुपये दिले होते ते वसूल करायला त्या जहागिरीचा काही भाग जप्त केला! म्हणजे स्वतःच बोलावलं, कैदेत टाकलं, आणि वरून प्रवासखर्चाची वसुली. हे वाचून मी रात्री दीड वाजता वावरात एकटाच हसलो. जप्तीची नोटीस आमच्याही घरी येऊन गेली आहे, त्यामुळे जरा जास्तच.

तह मोडायला ही एकच गोष्ट कारण नव्हती, पण १६७० उजाडलं आणि सगळं पेटलं. फेब्रुवारीत सिंहगड, ऑक्टोबरात दुसऱ्यांदा सुरत, मग दिंडोरीची लढाई, आणि डिसेंबरात प्रतापराव गुजर बऱ्हाणपूरकडून वऱ्हाडात उतरले ते थेट कारंज्यावर.

कारंजा म्हणजे आमचं बाजाराचं गाव. सोयाबीन तिथंच विकतो, चपला तिथंच घेतो. दारव्हा वेशीतून शंभरदा गेलो असेन, पण तेव्हा हे गाव किती श्रीमंत होतं याचा अंदाज नव्हता. इथल्या एका सावकारानं घराच्या गाऱ्यात कस्तुरी कालवली होती अशी गोष्ट आहे, ती मी थापच समजत होतो. सरकार लिहितात की लूट एक कोटीची, उंची कापड, सोनं, चांदी, आणि ती वाहून न्यायला चार हजार बैल न् गाढवं. गावातले सगळे धनिक खंडणीसाठी धरून नेले, एकच सगळ्यात मोठा शेठ सुटला, बाईचे कपडे घालून. इथं मला सभासद आठवला. बायकांना हात लावायचा नाही हा नियम त्या शेठलाही माहीत होता म्हणायचा, जिवाच्या भरवशावर माहीत होता.

पण माझं डोकं अडकलं बैलांवर. आपण हा इतिहास वाचताना कायम मावळ्यांच्या बाजूला उभे राहून वाचतो, मीही तसाच वाचत होतो, आणि १५९६ पासून वऱ्हाड मोगलांकडे, म्हणजे या प्रसंगात आपण परमुलूख. लूट सावकारांची, ठीक आहे, लढाईला पैसा लागतोच. पण जनावरं? फौजेनं एवढी सोबत आणली असतील असं मला तरी वाटत नाही. आसपासच्या गोठ्यातलीच असणार. आणि डिसेंबर म्हणजे आमच्याकडे बैलाला उसंत नसते.

हा खडा डोक्यात ठेवूनच मग महाराजांची पत्रं वाचली, आणि यंदाचं खरं वाचन तेच. १६७३ चं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र तर मी तीनदा वाचलं. रयतेकडून दाणे, गवत, लाकूड, भाजी ओरबाडाल तर लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, हे आहेच, पण पुढे लिहितात की रात्री दिवे नीट विझवा, उंदीर पेटती वात ओढून नेईल न् गवताची गंजी जाईल. राजा माणूस उंदराचा विचार करतोय! ज्याच्या सोयाबीनची गंजी जळताना पाहिली आहे त्यालाच हे कळेल.

दुसरं पत्र ५ सप्टेंबर १६७६ चं, कोकणातल्या प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला. ज्याच्यात कुवत आहे, घरात माणसं आहेत, पण जोताला बैल नाही न् पोटाला दाणे नाहीत, त्याला दोन-चार बैलांचे रोख पैसे दे, खंडी दोन खंडी धान्य दे, वाढीदिडी न लावता मुद्दलच हळूहळू त्याच्या ऐपतीनं घे. यासाठी दोन लाख लारीपर्यंत (लारी म्हणजे तेव्हाचं चांदीचं नाणं) खर्च करायची परवानगी.

वाढीदिडी शब्दाला मी थांबलो, तर बाजूला शेकत बसलेले आबाजी म्हणाले, "दिढी म्हंजे पोतंभर जुवारी आनली त सुगीले दीड पोतं. तुह्या पणज्यानं भरली हाय जिंदगीभर."

मग त्यांना अख्खं पत्र वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. बराच वेळ काडीनं विस्तव उकरत बसले.

"बैलासाठी रोख पैसे. आन् व्याज नाही."

"नाही."

"मंग त्या सुभेदारानं देल्ले का?"

मी अंगठ्यानं पान सरकवलं, पुढचं पत्र दुसऱ्याच कोणाला होतं. तेवढ्यात लाईन गेली.