आमची वाटचाल : निळ्या वायरचा वाद

पुण्यातल्या हॉटेल-कँटीनमध्ये डिशवॉशर पुरवणं हा आमचा धंदा. सुरुवातीची वर्षं बरी गेली. पण एका आयात केलेल्या हुड-टाइप मशीनपायी (वरून झाकण खाली ओढायचं डिशवॉशर) फर्म बुडता बुडता वाचली.

मशीन आमचं, पण जोडणीचं काम एका स्पर्धकाने दर पाडून उचललं. युरोपातून आलेल्या केबलमध्ये तपकिरी, काळी, करडी या फेज (वीज आणणाऱ्या तारा), निळी न्यूट्रल (परतीची तार) आणि हिरवी-पिवळी अर्थ (जमिनीला जोडलेली सुरक्षेची तार). आपल्या पॅनेलवर लाल-पिवळी-निळी फेज आणि काळी न्यूट्रल. त्या स्पर्धकाने रंगाला रंग जोडला, निळीला निळी, काळीला काळी, म्हणजे मशीनच्या न्यूट्रलला आपली फेज. २३० व्होल्टच्या कंट्रोल कार्डला ४१५ मिळाले आणि कार्ड जळालं. खापर आमच्यावर फुटलं, बिल अडकलं, आणि 'यांचा मालच हलका' असं तोच सांगत फिरला. हे आजही सलतं. मीटर लावला असता तर तिथल्या तिथे कळलं असतं : फेज-फेज ४१५, फेज-न्यूट्रल २४०च्या आसपास.

चाकणच्या एका कँटीनचे मालक तेवढे पाठीशी राहिले. जळकं कार्ड आणि त्या जोडण्या त्यांनी स्वतः पाहिल्या आणि पुढचं मशीन आगाऊ पैसे देऊन आमच्याकडूनच घेतलं.

तेव्हापासून जोडणी आम्हीच करतो. ९ किलोवॅटचा बूस्टर (शेवटच्या धुण्याचं पाणी तापवणारा हीटर), ३ चा टाकीचा हीटर, १ चा पंप. सगळं एकदम चाललं तर फेजला साधारण १८ अँपिअर. त्याला ४ चौरस मिमीची पाच कोअर तांब्याची केबल, २५ अँपिअरचा चार पोल एमसीबी (जादा करंटला वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि फवाऱ्यापासून लांब, हाताला येईल असा आयसोलेटर (मशीनची वीज पूर्ण तोडणारा स्विच). केबलचा पल्ला लांब असेल तर एक साइझ वाढवा. बारीक तारा फेरूल (टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) क्रिंप केल्याशिवाय स्क्रूखाली घालत नाही. तारा पसरतात, जोड सैल पडतो, टर्मिनल काळं पडतं. न्यूट्रल सुटली तर कार्ड पुन्हा जाणार.

काम सुरू करताना मेन बंद, त्याला कुलूप. टेस्टर आधी चालू लाइनवर, मग बंद केलेल्या लाइनवर, परत चालू लाइनवर. बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ, शेजारच्या स्टीलच्या टेबलांनाही बाँडिंग, म्हणजे तारेने त्याच अर्थला जोडणं. भिजल्या हातांचं काम आहे हे.

पावसाळाभर गोदामात पडलेल्या हीटरमध्ये ओल शिरते. कार्ड सुटं करून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) पाहा. १ मेगओमच्या खाली आलं तर हीटर वाळवा. आरसीसीबी पडते म्हणून ती बायपास करणारे भेटतात. त्यांना मशीनला हात लावू देऊ नका.

टाकी भरल्याशिवाय हीटर चालू नको. तीन फेजचा पंप आवाज करतो पण फवारा मंद, म्हणजे तो उलटा फिरतोय. येणाऱ्या दोन फेज अदलाबदल करा. फक्त जनरेटरवरच तसं होत असेल, तर चेंजओव्हरच्या (मेन आणि जनरेटर यांत अदलाबदल करणारा स्विच) जनरेटरकडच्या टोकांवर दोन फेज बदला, मशीनची जोडणी आहे तशी राहू द्या.