पावसात पेलेट स्मोकर लावताना

पेलेट स्मोकर म्हणजे पेलेट जाळून त्यांच्या धुरात अन्न शिजवणारी शेगडी; तिला वीजही लागते. पेलेट म्हणजे दाबून बसवलेल्या लाकडाच्या भुशाचे दाणे. पाणी लागलं की दाणा फुगतो, बोटांत चुरडला जातो. तोच लगदा ऑगरमध्ये (पेलेट आगीकडे ढकलणाऱ्या स्क्रूमध्ये) वाळला की सिमेंटसारखा घट्ट बसतो. म्हणून सिएटलसारखी नुसती रिमझिम असली तरी पेलेट आधीच भरून हॉपरचं (पेलेटच्या डब्याचं) झाकण बंद ठेवा.

वीज जीएफसीआय सॉकेटमधूनच घ्या, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा लगेच तोडणाऱ्या सॉकेटमधून. वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं.

जोर वाढला म्हणून स्मोकर गॅरेजमध्ये मात्र ओढू नका. दार उघडं असलं तरी कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला वास नसतो! पेटलेल्या स्मोकरवर ताडपत्रीही नको.

रात्रभर भिजला असेल तर पेटवण्याआधी हॉपर रिकामा करा, फायरपॉटमधली (पेलेट जळतात त्या भांड्यातली) ओली राख काढा.